नऊ एकांचा वर्ग

वसई-विरारच्या टापूतील नालासोपारा स्थानकाच्या पश्चिमेस सोपारे नावाचे जुने गाव आहे. शूर्पारक ह्या नावाने ते प्राचीन वाङ्मयात प्रसिद्ध असून परदेशचा माल घेऊन येणारी गलबते एके काळी येथे नांगर टाकीत असत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणून ओळखले जाणारे टेकाड खणविले, तेव्हा त्यातून बौद्ध स्तूप निघाला आणि स्तूपाच्या पोटात एकात एक ठेवलेले करंडक सापडले. अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा एक तुकडाही त्याच वर्षी उजेडात आला. ह्या उत्खननाची कीर्ती मोठी आहे व ती योग्यच आहे. परंतु ह्याच पंडिताने त्यापूर्वी काही वर्षे केलेले एक काम सामान्य वाचकांच्या दृष्टीस फारसे पडत नाही. ते काम आकड्यांचे होते.

सोपारे आणि कल्याण ह्या बंदरांत उतरलेला माल बैलांच्या पाठीवर घालून नाणेघाटाने जुन्नरास व तेथून पुढे प्रतिष्ठानास, म्हणजे पैठणास, जात असे. ह्या घाटाच्या माथ्यावरील लेण्यात सातवाहनांच्या काळचा एक मोठा शिलालेख आहे. राजघराण्याने केलेल्या यज्ञांत किती गाई, किती घोडे आणि किती कार्षापणे दान दिली गेली, ह्याचा हिशेब त्यात कोरला आहे. भगवानलालांनी ह्या लेखातील आकडे वाचून त्यांची पद्धती विद्वानांपुढे मांडली. त्या पद्धतीत एकाला एक चिन्ह, दहाला दुसरे, शंभराला तिसरे, हजाराला चौथे. आणि चार हजार लिहावयाचे असले की हजाराच्या चिन्हाला चाराचे चिन्ह जोडावयाचे. शून्य नाही आणि स्थानही नाही. ‘दोन’ हा आकडा जेथे लिहावा तेथे दोनच राहतो. डावीकडे सरकला म्हणून त्याचे वीस किंवा दोनशे होत नाहीत. व्यापाऱ्याचा हिशेब ह्या पद्धतीने निभावत असे. देणगीचा हिशेब तर निभावलाच, कारण तो आजही दगडावर उभा आहे. परंतु ज्या संख्येचा विचार येथे करावयाचा आहे, ती ह्या आकड्यांत लिहू पाहणाऱ्यास चिन्हे पुरली नसती, आणि पुरली असती तरी तीत पाहण्यासारखे काही आहे हे त्याच्या ध्यानातही आले नसते.

ती संख्या अशी: १२३४५६७८९८७६५४३२१.

सतरा आकड्यांची ही संख्या डावीकडून वाचा की उजवीकडून, सारखीच आहे. एकापासून ती पायरीपायरीने नवापर्यंत चढते आणि तशीच पायरीपायरीने एकापर्यंत उतरते. आपल्या जुन्या गणकांनी संख्यांच्या स्थानांना जी नावे दिली आहेत, ती एकं, दहं, शतं अशी चढत परार्धापर्यंत जातात. भास्कराचार्यांनी लीलावतीत, म्हणजे ११५० च्या सुमारास, सांगितलेल्या अठरा स्थानांत परार्ध हे शेवटचे व ‘मध्य’ हे त्याच्या अलीकडचे. प्रस्तुत संख्येचा पहिला एक ह्या मध्य स्थानावर पडतो. म्हणजे परार्धाला एकच पायरी कमी. इतकी मोठी संख्या कोणी मोजून काढलेली नाही, आणि मोजून काढण्याची गरजही नाही. नऊ एक ओळीने लिहून त्या संख्येला तिनेच गुणले की ती आपोआप उभी राहते: १११११११११ चा वर्ग.

ती तशीच का येते, हे पाहण्यास मराठी चौथीचा गुणाकार पुरतो. नऊ एकांच्या संख्येला नऊ एकांनी गुणावयाचे म्हणजे तीच ओळ नऊ वेळा लिहावयाची, व प्रत्येक वेळी एक घर डावीकडे सरकावून लिहावयाची. श्रोत्यांपैकी कोणाच्या हाताशी कागद असल्यास त्याने हे करून पाहावे. उजवीकडच्या पहिल्या उभ्या घरात एकच एक येतो. दुसऱ्यात दोन येतात, तिसऱ्यात तीन. असे करीत नवव्या घरात नऊ. त्यापुढे वरच्या ओळी एकेक करून संपू लागतात आणि बेरीज आठ, सात, सहा अशी उतरते. नवाच्या वर बेरीज कोणत्याही घरात जात नाही, म्हणून हातचा कोठेही धरावा लागत नाही. आणि हातचा धरावा लागत नाही म्हणूनच जिना मोडत नाही. हातच्याचे हे कलम ध्यानात ठेवावे. सगळी गोष्ट पुढे त्याच्यावर फिरणार आहे.

ज्याला कागदाचा कंटाळा आहे त्याने चिंचोके घ्यावे. नऊ ओळी, प्रत्येक ओळीत नऊ, असा एक्याऐंशी चिंचोक्यांचा चौकोन मांडावा आणि तो सरळ न मोजता एका कोपऱ्यापासून तिरपा मोजावा. पहिल्या तिरप्या रांगेत एक चिंचोका, दुसरीत दोन, मधल्या कर्णावर नऊ, मग पुन्हा आठ, सात, आणि शेवटच्या कोपऱ्यात एक. म्हणून एकापासून नवापर्यंत व परत एकापर्यंतच्या आकड्यांची बेरीज नवाचा वर्ग, म्हणजे एक्याऐंशी, येते. वर जो गुणाकार केला तो ह्या चौकोनाहून वेगळा नाही. तेथे चिंचोक्यांच्या जागी एक आहेत, इतकेच. पोरांना हा खेळ दाखविला तर वर्ग म्हणजे काय, हे व्याख्या पाठ करण्यापेक्षा लवकर समजते.

ह्या जातीच्या संख्या आपल्या देशात प्रथम कोणी हेतुपूर्वक लिहिल्या असतील त्या असोत. ग्रंथात त्या स्पष्ट दिसतात त्या इसवी सनाच्या नवव्या शतकात. मान्यखेटच्या राष्ट्रकूट घराण्यातील अमोघवर्ष राजाच्या काळी महावीराचार्य नावाचा जैन गणिती होऊन गेला. त्याचा गणितसारसंग्रह हा ग्रंथ ८५० च्या सुमाराचा. हा राजा उत्तर कोकणाला परका नव्हता. कान्हेरीच्या लेण्यांतील लेखांत येथले शिलाहार आपणांस अमोघवर्षाचे मांडलिक म्हणवितात; म्हणजे सोपाऱ्याच्या बंदरात ज्याच्या नावाने सत्ता चाले, त्याच्याच स्तुतीने महावीराचार्याने आपल्या ग्रंथाचा आरंभ केला आहे. नाणेघाटातील लेखापासून ह्या वेळेपर्यंत सुमारे नऊशे वर्षे लोटली होती, आणि तेवढ्या अवधीत आकड्याला स्थान मिळाले होते व रिकाम्या स्थानाला शून्य मिळाले होते. महावीराचार्याने स्थानांची जी नावे दिली ती अठरावर न थांबता चोवीस आहेत. शेवटचे नाव महाक्षोभ. 

ह्याच ग्रंथात १२३४५६५४३२१ ही संख्या आहे, आणि ती सांगण्याची रीत मोठी लक्षणीय आहे. आकडे एकेक करून न सांगता, एकाने आरंभ होऊन सहापर्यंत जाणारी व मग क्रमाने उणी होत जाणारी संख्या, असे तिचे वर्णन केले आहे. ज्या वाचकाला स्थानपद्धती अंगवळणी पडली आहे, त्यालाच असे बोलता येते. नाणेघाटाच्या लेखकाला हे वाक्य निरर्थक वाटले असते. महावीराचार्याने ती २७९९४६८१ आणि ४४१ ह्यांच्या गुणाकाराने काढली. त्यातील ४४१ हा एकविसाचा वर्ग, व दुसरी संख्या ५२९१ चा वर्ग. आणि ५२९१ ला एकविसाने गुणले की १११११११ नव्हे, तर बरोबर सहा एक, १११११११ पेक्षा एक एक कमी, अशी संख्या येते. म्हणजे सहा एकांच्या वर्गाचेच हे वेषांतर आहे. असले गुणाकार त्याने एक नव्हे, पुष्कळ दिले आहेत. १५२२०७ ला ७३ ने गुणले की आठ एक येतात. १३९ ला १०९ ने गुणले की १५१५१. दोन्हीकडून सारख्या दिसणाऱ्या ह्या गुणाकारांना तो कंठिका म्हणतो: राजाच्या गळ्यातील कंठा, जो उजव्या खांद्यावरून पाहिला काय किंवा डाव्या खांद्यावरून पाहिला काय, तसाच दिसतो. दरबारातील गणित्याला शोभेल असेच हे नाव आहे. त्या कंठ्यांत आणखी एक गुणाकार आहे, १२३४५६७९ गुणिले ९, आणि त्याचे उत्तर नऊ एक. ह्या गुण्यात आठाचा आकडा नाही, हे चाणाक्ष श्रोत्यांनी ओळखलेच असेल. तो कोठे गेला, ते पुढे येईल.

महावीराचार्याचा ग्रंथ १९१२ साली रंगाचार्यांनी इंग्रजी भाषांतरासह मद्रासेस छापून प्रसिद्ध केला. त्या वेळी विरारच्या उत्तरेस, त्याच रेल्वेच्या रस्त्यावरील डहाणू गावी जन्मलेला एक मुलगा सात वर्षांचा होता. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. आज, २०१४ साली वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यात आहे. मुलाचे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १७ जानेवारी १९०५. आई तो आठ वर्षांचा असताना वारली. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाचा नाद होता व तो त्यांनी मुलाला शिकविला. ज्योतिषाच्या खरेखोटेपणाविषयी कोणाचे काहीही मत असो, त्यात आकडेमोड भरपूर असते, आणि त्या मुलाला फळापेक्षा आकडेमोडच अधिक आवडली असावी, असे त्याच्या पुढील आयुष्यावरून वाटते. शालेय शिक्षण ठाण्यास व पुढचे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात झाले. १९२७ साली त्याला रँग्लर परांजपे ह्यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले, १९२९ साली तो पदवीधर झाला आणि १९३० पासून देवळालीस शाळामास्तर झाला. तेथून १९६२ साली सेवानिवृत्त होईपर्यंत कापरेकर शाळामास्तरच राहिले. पुढची पदवी त्यांनी घेतली नाही.

नऊ एकांच्या वर्गाला व त्याच्या भावंडांना कापरेकरांनी जे नाव दिले, ते एखाद्या देवाचे किंवा आचार्याचे नाही. रेल्वेच्या स्थानकाचे आहे. जी. आय. पी. रेल्वेवर मुंबईपासून सुमारे तीस मैलांवर डेमलो नावाचे जे स्थानक होते, आणि ज्याचे आजचे नाव डोंबिवली असे सांगतात, तेथे ह्या संख्यांचा अभ्यास करण्याची कल्पना त्यांना सुचली. म्हणून त्या डेमलो संख्या. १, १२१, १२३२१, १२३४३२१ अशा क्रमाने जाणाऱ्या वर्गांना त्यांनी ‘अद्भुत डेमलो संख्या’ म्हटले. त्यांवरील त्यांचा लेख १९३८ साली ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ ह्या नियतकालिकात आला. १९३९ साली के. आर. गुंजीकर ह्यांच्यासह लिहिलेला, ह्या संख्यांची उपपत्ती मांडणारा लेख मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात आला. आणि १९४८ साली त्यांनी ह्याच विषयाची पुस्तिका देवळालीहून काढली. लेख, मग जाणत्या सोबत्याबरोबर उपपत्ती, मग पुस्तिका. ही काही छंदिष्टाची चाल नव्हे.

तरीही छंदिष्ट हाच शिक्का त्यांच्यावर बसला. गणिताच्या परिषदांना ते हौसेने जात. मंडळी त्यांना ओळखत, पण त्यांच्या संख्यांना गंभीरपणे घेणारे थोडे. पुष्कळसे लेखन त्यांना लहानसहान नियतकालिकांत किंवा स्वतःच छापून प्रसिद्ध करावे लागले. मद्यप्याला जशी मद्याची तशी आपल्याला संख्यांची तलफ आहे, अशा आशयाचे ते स्वतःच बोलत, आणि अशा बोलण्याने टीकाकारांचे काम सोपेच होते.

ह्या उपेक्षेमागे निव्वळ गर्व होता, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. तिच्यामागे एक विचार होता, आणि तो विचार रामानुजनला जगापुढे आणणाऱ्या हार्डीसारख्या माणसाचा होता. १९४० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मसमर्थनपर पुस्तकात हार्डीने ८७१२ आणि ९८०१ ह्या दोन संख्यांचे उदाहरण घेतले. पहिली २१७८ ची चौपट व दुसरी १०८९ ची नऊपट; म्हणजे दोन्ही आपापल्या उलट्या रूपाच्या पटीत आहेत. चार आकड्यांत अशा संख्या ह्या दोनच. हार्डीचा निर्णय असा की, अशी सत्ये वर्तमानपत्राच्या कोडी-सदराला ठीक. गणित्याला त्यांत घेण्यासारखे काही नाही. त्याच्या बाजूने असेही म्हणता येईल की, ती संख्येविषयी काही सांगत नाहीत, संख्या लिहिण्याच्या रीतीविषयी सांगतात. माणसाच्या हाताला दहा बोटे आहेत म्हणून आपण दहाच्या हिशेबाने लिहितो. बोटे बारा असती तर ८७१२ आणि ९८०१ ह्या आकड्यांत हा चमत्कार दिसला नसता.

हा आक्षेप कापरेकरांच्या संख्येला लावून पाहिला पाहिजे. ती त्या परीक्षेत उतरते की नाही, ह्यावर एका माणसाच्या तीस-चाळीस वर्षांच्या रात्रींची किंमत ठरावयाची आहे.

प्रथम संख्या मोडून पाहावी. नऊ एकांऐवजी दहा एक घेतले आणि त्यांचा वर्ग केला, तर उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. जिना ढासळला. मधल्या घरात दहा एक जमले. तेथे शून्य राहिले व हातचा एक डावीकडे गेला. त्या घरात आधीच नऊ होते, त्यांचे दहा झाले. तेथेही शून्य राहिले व हातचा पुन्हा पुढे गेला. त्यापुढच्या आठाचे नऊ झाले, आणि तेथे हातच्याची धाव संपली. म्हणून डावीकडून चढताना सातानंतर एकदम नऊ येतात; आठ गिळले गेले. आकड्यांची बेरीजही आता दहाचा वर्ग जे शंभर, ती राहत नाही, ब्याऐंशी होते. हातचा दोनदा गेला आणि प्रत्येक वेळी बेरजेतून नऊ घेऊन गेला: एका घरातले दहा गेले व शेजारी एकच आला. हा हिशेब कोणत्याही गुणाकाराला लागू आहे. नवाने भाग जातो की नाही, हे आकड्यांच्या बेरजेवरून ओळखण्याची शाळेतील युक्ती ह्याच पायावर उभी आहे.

आता महावीराचार्याचा नाहीसा झालेला आठ सापडतो. एक भागिले नऊ म्हणजे दशांश चिन्हापुढे न संपणारे एक. त्याचा वर्ग एक भागिले एक्याऐंशी. एकांची ओळ न संपणारी असल्यामुळे बेरजा एक, दोन, तीन करीत नवावर न थांबता दहा, अकरा, बारा अशा चढतच राहतात, आणि दहाचा हातचा वर सांगितल्याप्रमाणेच मागे येऊन नवाला व आठाला धक्का देतो. एक्याऐंशीव्या भागाचा दशांश ०.०१२३४५६७९ असा येऊन हेच नऊ आकडे पुनःपुन्हा येत राहतात. आठ त्यांत कधीच येत नाही. त्या आवर्तातील संख्या १२३४५६७९ हीच महावीराचार्याची. मान्यखेटच्या कंठ्यातला आठ आणि डेमलोच्या दहाव्या पायरीवरचा आठ, हे दोन्ही एकाच हातच्याने गिळलेले आहेत.

आता दहा बोटांचा प्रश्न. सोळा आण्यांच्या रुपयाप्रमाणे सोळाच्या हिशेबाने संख्या लिहिणारा समाज कल्पावा. त्याच्याजवळ पंधरापर्यंतच्या आकड्यांना स्वतंत्र चिन्हे असतील. त्याचा पंधरा एकांचा वर्ग एकापासून पंधरापर्यंत चढेल व परत उतरेल. सोळा एकांशी गेला की त्याचाही जिना ढासळेल, आणि त्याच रीतीने ढासळेल. बाराच्या हिशेबात अकरापर्यंत चढता येते. दोनच्या हिशेबात, ज्यावर आजची गणकयंत्रे चालतात, दुसऱ्या पायरीवरच पाय घसरतो. तेव्हा नवावर थांबणे हे बोटांचे देणे आहे, हे हार्डीला मान्य केलेच पाहिजे. परंतु जिना असणे, तो पायाच्या संख्येहून एक कमी इतक्या पायऱ्यांचा असणे, आणि त्याच्या आकड्यांची बेरीज वर्ग असणे, हे बोटांवर अवलंबून नाही. ते चिंचोक्यांच्या चौकोनावर अवलंबून आहे, आणि चिंचोक्यांना आकडे लिहिता येत नाहीत. ८७१२ च्या उदाहरणावरून दिलेला निकाल ह्या संख्येला सरसकट लागू करणे योग्य नव्हते. कापरेकरांच्या सर्वच संख्यांची वकिली अशी करता येईल असे नाही; काही खरोखर कोडी-सदराच्याच आहेत. ही मात्र नाही.

संख्येच्या अंगचे असे, जे कोणत्याही लिपीत व कोणत्याही पद्धतीत तसेच राहील, ते म्हणजे तिचे अवयव. नऊ एकांची संख्या नवाने, सदतिसाने आणि ३३३६६७ ने भागली जाते. सदतीस व ३३३६६७ ह्या मूळ संख्या आहेत. म्हणून प्रस्तुत वर्गात तीन हा अवयव चार वेळा आणि ह्या दोन मूळ संख्या दोन-दोन वेळा येतात. ३३३६६७ ही दिसावयास साधी, पण मोठी मानाची संख्या आहे. एकाला तिने भागले तर दशांशात नऊ आकड्यांचे आवर्त येते, आणि नऊ आकड्यांचे आवर्त देणारी दुसरी मूळ संख्या नाही. निव्वळ एकांनी लिहिलेल्या संख्यांपैकी मूळ संख्या कोणत्या, हा तर थोर गणित्यांनी घाम गाळलेला विषय आहे. दोन एकांची संख्या मूळ आहे. त्यानंतर एकदम एकोणीस एकांची, मग तेवीस एकांची, मग तीनशे सतरा, मग एक हजार एकतीस. पुढे आणखी मोठ्या सापडल्या आहेत, पण अशा संख्या अनंत आहेत की नाहीत हे आजवर कोणीही सिद्ध केलेले नाही. ज्यांचा वर्ग पाहून कापरेकर डेमलोस थबकले, त्याच ह्या संख्या.

कापरेकरांच्याच दुसऱ्या एका व्याख्येने आपल्या संख्येला आणखी एक पदवी मिळते. जी संख्या आपल्या आकड्यांच्या बेरजेने निःशेष भागली जाते तिला त्यांनी हर्षद, म्हणजे आनंद देणारी, असे संस्कृत नाव दिले. प्रस्तुत संख्येच्या आकड्यांची बेरीज एक्याऐंशी. भागून पाहिले तर १५२४१५७८९९७१०४१ हे पूर्ण उत्तर येते, आणि तो १२३४५६७९ चा वर्ग आहे. पहिल्या नऊ डेमलो संख्यांत ही पदवी पहिलीला, तिसरीला व नववीला मिळते. बाकी सहा जणी तीपासून वंचित राहतात. दहावी तर मिळविणेच शक्य नाही: ती विषम, आणि तिची बेरीज ब्याऐंशी सम.

ज्या एका संख्येमुळे कापरेकरांचे नाव जगभर झाले ती मात्र लहान, चारच आकड्यांची आहे: ६१७४. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी तिचा गुण जाहीर केला. सर्व आकडे सारखे नसलेली कोणतीही चार आकडी संख्या घ्यावी, तिचे आकडे उतरत्या क्रमाने व चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करावी, आणि उत्तरावर पुन्हा तेच करावे. सात खेपांच्या आत किंवा सातव्या खेपेस ६१७४ येतेच, आणि एकदा आली की हलत नाही. त्यांचे जन्मवर्ष १९०५ घेतले तर ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ अशा मुक्कामांनी बरोबर सातव्या खेपेस ६१७४ गाठले जाते. हिच्यावर एवढे लिहिले गेले आहे की येथे अधिक विस्तार नको. १९७५ साली अमेरिकेतील मार्टिन गार्डनर ह्यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील आपल्या सदरात कापरेकरांच्या कामाची ओळख करून दिली, आणि मग ज्या आपल्या देशात त्यांच्याकडे काणाडोळा झाला होता तेथेही त्यांचे नाव आदराने घेतले जाऊ लागले. तोवर त्यांनी सत्तरी गाठली होती. १९६६ साली पत्नी निवर्तली होती, शाळेचे निवृत्तिवेतन पुरत नव्हते, आणि गणित व शास्त्राच्या शिकवण्या करून ते दिवस काढीत होते. १९८६ साली त्यांचे निधन झाले.

सेवानिवृत्तीच्या पुढच्याच वर्षी, १९६३ साली, त्यांनी आणखी एका जातीच्या संख्यांवर पुस्तिका देवळालीहून प्रसिद्ध केली होती. एखादी संख्या घेऊन तिच्यात तिचेच आकडे मिळविले की नवी संख्या निपजते; एकविसात दोन व एक मिळविले की चोवीस. पण काही संख्या अशा कोणत्याच संख्येपासून निपजत नाहीत. वीस ही तशी आहे; एकतीस, बेचाळीस, त्रेपन्न ह्याही. ह्या स्वयंभू संख्यांनाही त्यांनी गावाचेच नाव दिले, देवळाली संख्या. डोंबिवलीहून कसाऱ्याच्या घाटाने नाशिकला जाणारी गाडी ह्या दुसऱ्या नावाच्या स्थानकावरून आजही जाते.